चिखलाने धरलं तिथंच

आधीच सांगतो. ही गोष्ट रचलेली नाही. रचायची असती तर शेवट जरा बरा केला असता.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. भुतं बाराच्या ठोक्याला येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी बेअरवॉलोच्या खोऱ्यात धुक्याची एक दुपार काढून बघावी. मे महिन्यातला शेवटचा शनिवार. दुपारी दीड ते संध्याकाळी पाच. वेळ पक्की आहे, कारण कंपनीच्या फाटकावरच्या वहीत ती लिहिलेली आहे. आत गेले : एक. बाहेर आले...

ते पुढे येईलच.

ज्याच्यावर हे गुदरलं तो अर्विल टोलर. वय सदुसष्ट. तेहेतीस वर्षं वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींत, जमिनीखाली. आता फुप्फुसांत हवेपेक्षा कोळसा जास्त आहे. दहा पावलं चालला की धाप लागते. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मी त्याच्या घराखालच्या वळणावर राहतो. त्याने हे मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. अर्विल खोटं बोलला की मला कळतं. पंचवीस वर्षं त्याच्याशी पत्ते खेळलोय.

आमच्याकडे मेच्या शेवटी फुलांचा दिवस असतो. डोंगरावरच्या आपापल्या कबरस्तानात जायचं, गवत काढायचं, कबरींवर फुलं ठेवायची आणि तिथंच चादर अंथरून जेवायचं. टोलरांचं कबरस्तान बेअरवॉलोच्या माथ्यावर. अर्विल लहान होता तेव्हा त्या दिवशी चाळीस माणसं जमायची. तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, आणि कोणाची गाय कोणाच्या शेतात शिरली होती यावरून म्हाताऱ्यांची भांडणं. गायी मरून वीस वर्षं झाली तरी भांडण चालूच.

मग कंपनीने खोरं विकत घेतलं. एकेक घर करून.

जमिनीखालून कोळसा काढायला माणसं लागतात. माणसं पगार मागतात, संप करतात, खोकतात. म्हणून हल्ली डोंगराचं डोकंच सुरुंगाने उडवतात आणि कोळसा वरून खरवडून घेतात, भांड्याला लागलेली खरपुडी खरवडावी तसा. बेअरवॉलोत आता घर नाही. झाड नाही. माथ्यावर तारेच्या कुंपणात टोलरांच्या अकरा कबरी, आणि त्यांच्या चारी बाजूंना चिखल. आपल्याच बापाच्या कबरीवर फूल ठेवायचं तर फाटकावर सही करायची, कंपनीचं पांढरं हेल्मेट घालायचं आणि पाचच्या आत खाली यायचं.

कंपनीच्या नकाशावर अकरा कबरी होत्या.

अर्विल म्हणत होता, बारा.

बारावी त्याच्या थोरल्या बहिणीची. डेल्फा. अर्विल जन्मायच्या दोन वर्षं आधी गेली. चार वर्षांची होती. फेब्रुवारीत घसा धरला. आईने, आयवाने, छातीवर तळलेल्या कांद्याचं पोटीस बांधलं, तीन रात्री मांडीवर घेऊन बसली. चौथ्या सकाळी पोर गार.

पेटी लाकडी घसरगाडीवर ठेवली, पुढे खेचर जुंपलं आणि माथ्याकडे निघाले. बर्फ नुकता वितळलेला, वरून पाऊस. अर्ध्या वाटेवर घसरगाडी चिखलात बसली. खेचर पोटापर्यंत रुतलं. चार माणसांनी अंधार पडेपर्यंत जोर लावला. पेटी इंचभर हलली नाही.

शेवटी बापाने तिथंच खड्डा खणला, खुणेला एक दगड रोवला. चिखल वाळला की वर नेऊ म्हणाला.

चिखल वाळला. खाण बंद पडली, बाप कामासाठी वणवण फिरला, मग अर्विल झाला, मग त्याचा भाऊ कर्मिट झाला. राहून गेलं.

दर फुलांच्या दिवशी सगळ्यांची फुलं ठेवून झाली की आई एक फूल घेऊन एकटीच खाली उतरायची. कागदाचं, मेणात बुडवलेलं, तारेच्या देठाचं. ती स्वतः करायची ती फुलं. पोरांना म्हणायची, "तुम्ही वरच थांबा." झाडांत दिसेनाशी व्हायची. अर्ध्या तासाने यायची ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन.

"कुठं आहे गं ती?" अर्विलने एकदा विचारलं होतं.

"चिखलाने धरलं तिथंच."

याहून जास्त ती कधी बोलली नाही. अकरा वर्षांपूर्वी मरताना मात्र तिने अर्विलचा हात धरला. "डेल्फीला एकटी सोडू नकोस." त्याने शब्द दिला. आणि अकरा वर्षं त्याला जागाच सापडली नाही. आधी झाडं होती म्हणून. मग झाडं नव्हती म्हणून.

कबर जिथं आहे तिच्या आसपास कंपनीला सुरुंग लावता येत नाही. पण कबर दाखवावी लागते. मोजणी करणारा पोरगा अर्विलला म्हणाला होता, "शनिवारी पाचपर्यंत दगड जागेवर उभा असलेला फोटो आणा, सर. सोमवारी आम्ही रेषा आखतो. रेषेबाहेरचं सगळं ऑगस्टमध्ये उडणार."

सर म्हणाला. गोड बोलायला त्यांना शिकवतात.

शनिवारी सकाळी अर्विलने कर्मिटला फोन लावला. कर्मिट चाळीस वर्षं ओहायोत आहे.

"येतोयस ना?"

"अरे, गुडघा..."

"गुडघा मागच्या वर्षी पण होता."

"तो डावा. यंदा उजवा."

"कर्मिट, आज शेवटचा दिवस आहे."

"अर्विल, ऐक माझं. सत्तर वर्षं होत आली. मातीत हाडसुद्धा उरलं नसेल. कोणासाठी मरतोस तिकडे?"

"हे आईला सांग."

"आई नाहीये आता."

"मग मला कशाला सांगतोस? ठेव फोन."

अर्विलने स्वतःच्या हाताने बारा फुलं केली होती. लाल कागदाची. आईसारखी जमली नव्हती, कोबीसारखी दिसत होती. ती त्याने बुटांच्या खोक्यात घातली, खोकं एटीव्हीच्या मागच्या रॅकला बांधलं आणि निघाला.

एटीव्ही म्हणजे मोटरसायकलसारखी पाय टाकून बसायची, पण चार ढोल्या चाकांची गाडी. आमच्या खोऱ्यांत पोराला दात येतात आणि पोर ती चालवायला लागतं. पुढच्या बाजूला विंच असते, म्हणजे वायररोपची गुंडाळी. चिखलात रुतलात की रोप ओढत न्यायचा, समोर जे उभं असेल त्याला पट्ट्याने अडकवायचा, बटण दाबायचं. गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर येते. हे आमच्या हातांना इतकं सवयीचं आहे की त्यात डोकं लागत नाही. समोर काय उभं आहे ते कोणी बघत नाही. पक्कं आहे का, एवढंच बघतात.

हे लक्षात ठेवा.

फाटकावर डॉनी होता. एकेकाळी अर्विलच्याच पाळीत खाली उतरायचा. आता कंपनीच्या गणवेशात वही घेऊन बसतो.

"एकटाच?"

"नाही. मागे गव्हर्नर बसलाय."

"हेल्मेट घाल."

"डॉनी, डोंगर तर तुम्ही उडवून टाकलात. माझ्या डोक्यावर पडायला वर उरलंय काय?"

"काही नाही उरलं. तरी घाल. नोकरी आहे माझी." डॉनीने वहीत एकचा आकडा घातला. "वरच्या खडीच्या रस्त्याने जा. परवाच्या पावसाने खालची वाट पार गेलीय. डंपर रुतला होता काल."

"कुठं रुतला?"

"खाली कुठंतरी. का?"

"काही नाही," अर्विल म्हणाला, आणि खालच्या वाटेला लागला.

त्याचा हिशेब सरळ होता. चिखलाने धरलं तिथंच. म्हणजे जिथं चिखल सगळ्यात वाईट, तिथं शोधायचं. पण झाडं गेल्यापासून डोंगराची माती सुटली होती. सगळीकडेच चिखल सगळ्यात वाईट होता.

तो गाडीवर उभा राहून, पायांनी तोल सांभाळत चालवत होता. पन्नास फूट जायचा, उतरायचा, काठीने टोचून बघायचा. दगड दिसला की पालथा करायचा. मग धाप लागायची. मग चाकावर बसून राहायचा. बेडूक ओरडत होते. नखाएवढे बेडूक असतात आमच्याकडे, पण हजारोंनी ओरडायला लागले की कानाला दडे बसतात.

अडीच वाजले. साडेतीन वाजले. धुकं इतकं उतरलं की गाडीचा पुढचा दिवा लावला तर पांढरी भिंतच दिसायची.

"सगळ्यात काय सलत होतं सांगू?" अर्विल मला म्हणाला. "इकडे बघितलंस का, असं विचारायला कोणी नव्हतं. चाळीस माणसांचा डोंगर. त्या धुक्यात मला माझाच खोकला ऐकू येत होता, आणि तो थांबला की वाटायचं, अजून जरा खोकावं."

तेवढ्यात...

कांद्याचा वास आला.

चरबीतल्या, खरपूस तळलेल्या कांद्याचा. गरम.

आता तुम्ही म्हणाल, त्याला कळायला हवं होतं. पण माणूस अडीच तास एकटा राहिला की त्याला वेगळंच कळतं. त्याला वाटलं, कोणीतरी जेवायला बसलंय. कोणीतरी आलंय फुलांच्या दिवसाला. त्याला आनंद झाला. हे सांगताना त्याने मान खाली घातली होती, तरी मला दिसलं.

"कोण आहे?" त्याने हाक मारली. "टोलर का? अरे, बोला की! मी अर्विल, आयवाचा थोरला!"

कोणी बोललं नाही.

वास मात्र येत होता. खालच्या अंगाने. त्याने गाडी वळवली आणि वासाच्या दिशेने घातली. माणसं भेटतील म्हणून.

वीस फूट गेला असेल. वरची साय फुटावी तशी जमीन फुटली. पुढची चाकं गेली, मग मागची. गाडीचं पोट चिखलावर टेकलं. त्याने गॅस दिला तशी चारी चाकं जागच्या जागी फिरली, चिखल डोक्यावरून उडाला आणि गाडी आणखी वीतभर खाली बसली.

त्याने इंजिन बंद केलं.

तेव्हा लक्षात आलं...

बेडूक गप्प झाले होते.

एकही नाही. सगळ्यांच्या तोंडावर एकदम हात ठेवल्यासारखे.

आणि कांद्याचा वासही नव्हता.

तो उतरला. चिखल मांडीपर्यंत आला. एक पाय उपसायचा तर दोन्ही हातांनी गुडघा ओढावा लागत होता. छातीत शिट्टी वाजत होती. घड्याळात सव्वाचार. तो बसून राहिला असता तर सोमवारी सापडला असता, आणि कदाचित तसाही नाही. फोनला रेंज नाही. धुक्यात कोणी नाही.

मग मागून...

पचक्.

चिखलातून पाऊल उपसल्याचा आवाज. तो वळला. काही नाही.

पचक्... पचक्.

हलका आवाज. मोठ्या माणसाचं पाऊल चिखलातून निघतं तेव्हा तो चिखल कण्हतो. हे तसं नव्हतं. लहान पाऊल. बूट न घातलेलं.

"कोल्हा असेल," तो मोठ्याने म्हणाला. आपलाच आवाज ऐकून त्याला जास्त भीती वाटली.

आणि मग त्याच्या हातांनी तेच केलं जे आमचे हात करतात. विंचचा क्लच सोडला, हूक हातात घेतला आणि रोप ओढत तो पुढे सरकला. झाड नव्हतं. पंधरा पावलांवर धुक्यात काहीतरी उभं होतं. गुडघ्याएवढा एक पाटीसारखा दगड, जरा कललेला. त्याने पट्टा गुंडाळला, हूक अडकवला, दगड हलवून बघितला. पक्का होता.

दुपारभर जो दगड शोधत होता त्याला त्याने हूक लावला. आणि ओळखला नाही.

परत गाडीवर येऊन त्याने बटण दाबलं.

खरं तर तो दगड पहिल्याच हिसक्याला उपटून यायला हवा होता. केवढासा दगड, केवढी गाडी, आणि चिखलाची पकड तर विचारू नका. रोप ताणला. गुणगुणायला लागला. दगड हलला नाही.

गाडी हलली.

ओढल्यासारखी नाही. अलगद. खांद्यावर पेटी हलकेच चढवतात ना, तशी उचलली जात होती. विंचचा आवाजसुद्धा भार नसल्यासारखा येत होता. आधी पुढची चाकं घट्ट जमिनीला लागली, मग मागची. अर्विलने बटण सोडलं.

आणि मग, सगळं झाल्यावर...

दगड आडवा पडला.

आपलं काम झालं म्हणून कोणी हात सोडावा, तसा.

तो पट्टा सोडवायला गेला. दगडाचं बूड वर आलं होतं. बुडाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्याला वाटलं मुळं आहेत.

तारा होत्या.

गंजलेल्या, बारीक, एकीवर एक पीळ दिलेल्या. कागद गेला होता, मेण गेलं होतं, देठ राहिले होते. पन्नासाहून जास्त. आणि प्रत्येकीचा पीळ उलटा. त्याची आई डावखुरी होती.

अर्विल चिखलात गुडघ्यावर बसला.

दगडाची जागा त्याच्या डोळ्यांदेखत बुजत होती. चारी बाजूंनी रेंदा आत येत होता. बुडबुडे आले. मग तेही थांबले. दोन मिनिटांत तिथं कधी काही उभं होतं हे सांगायची सोय उरली नाही.

अकरा वर्षं शोधलं. सापडलं. आणि सापडलं ते स्वतःच्या हाताने उपटलं.

सगळ्यांनी बाहेर पडा असं सांगणारा पावणेपाचचा भोंगा झाला. खोऱ्यातून तो आवाज असा फिरतो की कुठून येतो कळत नाही.

त्याने दगड उचलला, खांदा लावून अंदाजाने उभा केला, बुडाशी लहान दगड ठोकले. तीन फोटो काढले. खोक्यातलं एक फूल काढून दगडाला तार गुंडाळली. त्याचा पीळ सरळ पडला. तो डावखुरा नाही.

"आलोय गं," एवढंच तो म्हणाला.

वर माथ्यावर जायला वेळ नव्हता. अकरा फुलं खोक्यातच राहिली. त्याने गाडी वळवली, खालच्या दिशेने.

पचक्... पचक्... पचक्.

या वेळी घाईघाईने. मागे राहू नये म्हणून कोणी पळत यावं तसं.

मग थांबलं.

मग...

मागचे स्प्रिंग दबले.

आणि त्याच्या जॅकेटला कोणीतरी धरलं. घट्ट नाही. लहान पोराला गाडीवर मागे बसवलं की ते दोन बोटांत शर्टाची कड पकडतं. तेवढंच.

"मागे बघितलंस?" मी त्याला विचारलं होतं.

"नाही."

"का?"

"कोणी नसतं तर?"

मी पत्ते पिसायला घेतले.

तो पूर्ण उतार पहिल्या गियरमध्ये आला. एकदाच बोलला. "हळू चालवतो," म्हणाला.

फाटकापाशी पाचला दोन मिनिटं कमी होती. डॉनी वही उघडून उभा होता. धुक्यातून गाडी येताना बघूनच त्याने आकडा टाकला आणि तोंड सोडलं.

"अर्विल, कमाल आहे तुझी! नात आणायची होती तर सांगायचं की! आत सुरुंगाची भोकं पाडून ठेवलीत आणि तू पोरीला बोडक्या डोक्याने फिरवतोस? पायात बूट पण नाहीत तिच्या! माझी नोकरी घालवशील लेका!"

अर्विलने गाडी थांबवली. पुढेच बघत म्हणाला, "डॉनी, कशी दिसते?"

"कशी म्हणजे काय, ही काय—"

डॉनी थांबला.

मागे बुटांचं खोकं होतं. दुसरं काही नव्हतं.

"मला वाटलं..." डॉनी म्हणाला.

"फाटक उघड," अर्विल म्हणाला.

ती वही मी स्वतः बघितली आहे. जूनमध्ये डॉनीने बोलावून दाखवली. आत गेले : एक. बाहेर आले : दोन. दोनवर काट मारलेली नाही. "कशी मारू?" डॉनी म्हणाला. "मी बघितलं होतं ना."

सोमवारी मोजणीवाले अर्विलला घेऊन वर गेले. दगड पुन्हा आडवा पडलेला. त्यावर रोपाचे ताजे व्रण, आजूबाजूला चाकांनी नांगरलेलं. पोरगा म्हणाला, "सर, हा दगड ओढून आणलेला आहे." अर्विलने तारा दाखवल्या. तो म्हणाला, तार कुठेही मिळते. तरी त्यांनी यंत्राने खणून बघितलं. पाच फूट खोल. दहा फूट लांब-रुंद.

काही निघालं नाही. फळीचा चुरा नाही, खिळा नाही. माती आणि पाणी.

रेषा आखली गेली. अकरा कबरी आत, बाकी सगळं बाहेर. वर अर्विलवर खोटा दगड रोवल्याचा ठपका ठेवला आणि फाटकातून आत यायला कायमची बंदी घातली. आयुष्यभर ज्या डोंगराखाली वाकून काम केलं, त्याच्या वर उभं राहायची बंदी. त्या पत्राखाली सही करणाऱ्याने बेअरवॉलो नकाशाबाहेर बघितलंसुद्धा नसेल.

ऑगस्टमध्ये स्फोट झाला. माझ्या कपाटातल्या बशा खाली आल्या. मी अर्विलला बघायला वर गेलो. तो ओट्यावर बसला होता. तो दगड, त्या सोमवारीच खाली आणलेला, पायऱ्यांपाशी उभा केलेला. अंगणात एटीव्ही. बंद. वर कोणी बसलेलं नाही.

मागचे स्प्रिंग दबलेले.

घरातून तळलेल्या कांद्याचा वास येत होता. अर्विलला कांदा चालत नाही. बायको गेल्यापासून त्या घरात कांदा शिजलेला नाही.

"थांबत का नाहीस?" तो म्हणाला. "चहा टाकतो."

मी काम आहे म्हणालो. मला काही काम नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये माझा ट्रक रस्त्यात बंद पडला. धो धो पाऊस. अर्विल मागून एटीव्हीवर आला आणि थांबला. ओठ निळे पडलेले. नुकताच डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाला, ख्रिसमस निघेल. पुढचं सांगत नाही.

"तुला घरी सोडलं असतं," तो म्हणाला, "पण मागे जागा नाही."

मी बघितलं. सीट रिकामी होती. पावसाने निथळत होती.

फक्त मागच्या टोकाला, माझ्या दोन तळहातांएवढी जागा...

कोरडी होती. पाऊस तिच्यावर पडत होता आणि ती कोरडी होती.

अर्विल बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "माझी चूक कुठं झाली सांगू? तिला वर न्यायची होती. सत्तर वर्षं ती वर जायचीच वाट बघत होती. मी भोंग्याला भ्यालो नि खाली घेऊन आलो. आता मला आत सोडत नाहीत."

त्याने गाडीच्या टाकीवर हात ठेवला.

"गाडी तुझ्या नावावर करतो. मे महिन्यात फुलांच्या दिवशी फाटकावर कर्मिटच्या नावाने सही कर. त्याला गुडघे आहेत, तो काही यायचा नाही. वरच्या रस्त्याने जा. आईच्या शेजारी थांब. उतर, आणि जरा वेळ उभा राहा. बास. बाकी ती करेल."

"अर्विल..."

"हळू चालव तेवढं."

त्याने गाडी सुरू केली. जाताना मान किंचित मागे वळवली, पण डोळे पुढेच ठेवले. "धर गं नीट," म्हणाला. मला नव्हे.

अर्विल जानेवारीत गेला. त्याची जागा वर नाही, कंपनीने दिली नाही. बायकोशेजारी, गावात.

एटीव्ही माझ्या अंगणात आहे. चावी भिंतीवरच्या खिळ्याला आहे. बुटांचं खोकं रॅकवर तसंच बांधलेलं आहे, त्यात अकरा फुलं. माझं घर त्याच्या घराइतकंच रिकामं आहे, आणि गेले काही दिवस संध्याकाळी कांद्याचा वास येतो.

फुलांच्या दिवसाला अजून पाच आठवडे आहेत.

तो विचारत होता तेव्हा मी हो म्हटलं नव्हतं. नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं.

आज सकाळी बघितलं. अंगणात पाऊल नाही, माग नाही. रात्रभर पाऊस झालाय.

सीटवर तेवढीच जागा कोरडी आहे.